मुशीचं पाणी

मी शाळेत कारकून; दुपारच्या सुट्टीत तिथल्या ऑफिसातून घरी फोन करायचे. बाबा फोन उचलायचे आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "हालते, हालते." मग फोन बंद. ऐंशी ओलांडलेला बाप घरात एकटा, गुडघे दुखतात म्हणून भिंत धरून चालणारा, आणि मी चौकशी करत होते ती पुढच्या खोलीतल्या एका माशाची. मासा आजारी होता त्या दोन आठवड्यांत मी बाबांच्या गुडघ्यांबद्दल एकदाही विचारलं नाही, हे आठवलं की आजही ओशाळायला होतं.

मासा म्हणजे मुशी. शार्क म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात, पण ही जात लहान. तपकिरी अंगावर गडद पट्टे, वाळूवर पोट टेकून दिवसभर पडून राहणार आणि संध्याकाळ झाली की पुढच्या परांवर रांगल्यासारखी फिरणार. मोरवा गावातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात तिच्यासाठी सहा फुटांची काचेची टाकी होती. तिच्या खाण्यासाठी मी माकूळ, म्हणजे स्क्विड, आणायला बाजारात जायचे, तेव्हा पाली गावची एक कोळीण ठरलेली. माकूळ कुणासाठी ते तिला कळलं त्या दिवशी ती इतकी हसली की कोयता बाजूला ठेवावा लागला. "आमी मुशी खातो, आन् तू मुशीला खिलवतंस? कालवन कर ना तिचं!"

मुशी मला मिळाली ती शोभेचे मासे विकणाऱ्या मीरा रोडच्या एका मासेवाल्याकडून, पण मिळाली म्हणजे काय, त्याने माझ्या नाकी नऊ आणले. कुठल्याशा शौकिनाच्या टाकीत घातलेलं अंडं त्याने स्वतःच्या दुकानात उबवलं होतं, पिल्लू नीट खायला लागेपर्यंत सांभाळलं होतं. मुलगी देताना सोयरे घर बघायला येतात तसा तो आमच्याकडे आला. टाकी मोजली. झाकण उचलून पाहिलं, कारण ही जात बाहेर उडी मारते. वीज गेली तर पंप इन्व्हर्टरवर चालतो का ते मेन स्विच पाडून बघितलं. मग दोन महिने रिकामी टाकी चालवायला लावली आणि पाण्याच्या प्रत्येक तपासणीचा फोटो मागितला. ही टाकी वर्षभर पुरेल, नंतर मोठी लागेल, हेही बजावलं. शेवटची अट मिठाची. अॅक्वेरियमचं मीठ पाकिटातून येतं, तेच वापरायचं, दुसरं कुठलंही नाही.

"नियम तोडा तो मैं वापस ले जाऊंगा, मॅडम. बुरा मत मानना," तो म्हणाला. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हा मला मीठ शिकवतोय.

कारण आम्ही मिठागरवाले. पणजोबांपासून बाबांपर्यंत सगळ्यांनी खाडीच्या कडेला मीठ पिकवलं. लहानपणी आमच्या पायांना ते कायम चिकटलेलं असायचं. आता मिठागर उरलं नाही, पण एका चुलत्याने कधीतरी आणून ठेवलेलं खड्या मिठाचं पोतं आमच्या मोरीशेजारी होतं. एकदा पाकिटं वेळेवर आली नाहीत. टाकीतलं पाव हिस्सा पाणी आठवड्याला बदलायचं ही माझी शिस्त, ती मोडायची नव्हती. पोत्यातलं मीठ फिल्टरच्या पाण्यात विरघळवलं, फडक्यातून गाळलं आणि खारटपणा मोजायची काचेची नळी त्यात सोडली. नळी अगदी हव्या त्या रेघेवर थांबली. मला असा काही आनंद झाला! पुढच्या आठवड्यात पाकिटं आली तरी मी पोतंच उघडलं. त्याच्या पुढच्याही. मुशी खात होती, फिरत होती. मासेवाल्याला काय कळतंय, असं मी दोन-तीन महिने रोज म्हणत होते.

मग एका सोमवारी तिने माकूळ घेतलं नाही. मंगळवारीही नाही. ही जात एखाद-दोन दिवस उपाशी राहते, मी वाचलं होतं. बुधवारी ती कोपऱ्यात तिरकी पडली होती आणि कल्ल्यांच्या फटी भराभर उघडमीट होत होत्या. मी मोबाइलवर घड्याळ लावून श्वास मोजायला लागले. शाळेत जायच्या आधी, आल्यावर, चहाचा कप हातात धरून. आकडा दर वेळी वाढलेला वाटायचा. चुकले असेन म्हणून परत मोजायचे, तो आणखी वाढायचा. पाण्याच्या सगळ्या तपासण्या केल्या. अमोनिया नाही, नायट्राइट नाही. कागदावर सगळं आलबेल आणि समोर जीव धापा टाकतोय. शाळेत मी एका मुलाच्या दाखल्यावर दुसऱ्याचंच आडनाव लिहिलं.

शुक्रवारी मी मासेवाल्याला फोन केला. व्हिडिओ पाठवला. तो बघून त्याने विचारलं,

"पानी बदला था?"

"हर हफ्ते."

"नमक वही है ना, पैकेटवाला?"

आता इथे मी काय केलं ते सरळ सांगते. मला पोतं आठवलं. त्याची अटही आठवली. तो टेम्पो घेऊन येईल आणि तिला घेऊन जाईल, एवढंच डोळ्यांसमोर आलं, आणि माझ्या तोंडातून निघालं, "हां हां, वही." मिठाबद्दल शंका मला तोवर आली नव्हती असं नाही. एखाद्या दिवशी मनात यायची आणि मी तिला हाकलून द्यायचे. त्याने विचारलं तेव्हा ती आली आणि गेली नाही.

"फिर तो इन्फेक्शन लगता है," तो म्हणाला. त्याने एका औषधाचं नाव सांगितलं. शार्कला औषधं सोसत नाहीत, अर्धाच डोस घाला, आणि त्यातही धोका आहे, हे तीनदा सांगितलं. दुसरा इलाज दिसत नाही म्हणाला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो माणूस चुकीचा इलाज सांगत होता, आणि मी "जी, जी" करत कागदावर लिहून घेत होते.

शनिवारी सकाळी औषधाची बाटली आणली. टाकीतलं मगभर पाणी काढून त्यात थेंब मोजून मिसळायचे होते. मग भरून टेबलावर ठेवला आणि बाटलीवरच्या सूचना पुन्हा वाचायला लागले. बाबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी मगात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"बाबा! घाणेरडं आहे ते!" मी ओरडले.

त्यांनी परत बोट बुडवलं. परत चाखलं. "बाय, ह्ये दर्याचं पानी न्हाय."

"तसंच आहे. मोजलंय मी."

"खारट हाय. पन दर्याचं पानी मागनं जिभेला कडू लागतं. ह्यात कडू कुठं हाय?" माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना वाटलं असावं, हिला काही कळत नाहीये. ते सावकाश सांगायला लागले. "मीठ खाली बसलं का वर कडू पानी राहातं. ते आमी सोडून द्यायचो. न्हाय सोडलं तर मीठ कडू व्हतं, वल्लं ऱ्हातं, कोन घेनार? पन ते कडू पानी बी दर्याचंच ना. तू तेवढं काढून टाकलंस, आन् मुशीला म्हनतंस, ऱ्हा आता."

मी खुर्चीवर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. नळी खारटपणा मोजत होती, आणि समुद्र म्हणजे नुसता खारटपणा नव्हे एवढी साधी गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती.

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत? पोतं तर तुमच्यासमोर उघडत होते मी!" मी त्यांच्यावरच भडकले.

"मना वाटलं पाकिटातलं बी घालतंस. तू इचारलंस कवा?"

नव्हतंच विचारलं. आयुष्यभर त्यांनी मीठ पिकवलं आणि मी ते नुसतं आडनावासारखं मिरवलं. औषधाची बाटली मी कपाटावर सारली. आता फोन करणं भाग होतं. फोन हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा गेले. बाबा म्हणाले, "ती तिकडं धापा टाकते आन् तू येरझारा घालतंस."

मी फोन लावला आणि एका दमात सांगितलं. पोतं, दोन-तीन महिने, कालचं खोटं, सगळं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "दवा डाली क्या?"

"नहीं."

"मत डालना. आता हूं."

दीड तासात तो तयार पाण्याचे चार मोठे जार घेऊन आला. पाणी एकदम बदललं तर तिला झटका बसेल, म्हणून बारीक नळीने थेंब थेंब सोडायचं. शनिवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत तेच चाललं, एकीकडून काढायचं, दुसरीकडून सोडायचं. तो जाऊन आणखी जार आणायचा. चहा दिला तर घ्यायचा, पण माझ्याशी गरजेपुरतं बोलायचा. सोमवारी मी रजा घेतली आणि टाकीसमोर पाट टाकून बसले. मी देव-देव करणारी बाई नाही, पण त्या दिवशी कुणाकुणाचं नाव घेतलं ते सांगत नाही. बुधवारी श्वास उतरला. शुक्रवारी चिमट्यात धरलेला माकळाचा तुकडा तिने असा हिसकावला की चिमटा पाण्यात पडला. मी रडले. बाबांनी कोळिणीला फोन करून सांगितलं, तिनेही म्हणे नाक पुसलं.

मासेवाला तिला न्यायला आला नाही. अटीचा विषयही त्याने काढला नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मुशी खात होती, पाणी पाकिटाच्या मिठाचं होतं, सगळं सुरळीत होतं, आणि मला मात्र जेवण जात नव्हतं. त्या शुक्रवारी त्याने प्रश्न विचारला तेव्हा माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या, तिचा जीव आणि तिचं माझ्या घरात असणं, आणि मी दुसरी निवडली होती. क्षणभरसुद्धा विचार न करता. पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करेन, याची मला खात्री देता येईना. शेवटी मीच फोन केला आणि म्हटलं, घेऊन जा.

"पक्का?" त्याने विचारलं.

"पक्का."

त्याच्या दुकानामागच्या खोलीत बारा फुटांची लांब टाकी होती. झाकणाच्या टबात घालून आम्ही तिला नेलं, बाबाही काठी घेऊन आले. त्याने टब हळूच पाण्यात कलता केला. ती थोडा वेळ तळाशी पडून राहिली. मग उठली आणि पोहायला लागली, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आमच्या घरी ती चार वेळा शेपूट हलवून वळायची, परत चार वेळा, परत वळायची. गिरकी घेत राहणं ही तिची सवय आहे, असं मी आल्या-गेल्याला कौतुकाने सांगत असे. इथे ती मध्ये कुठेच वळली नाही.