बीबीच्या मांडवातली बुंदी

जालन्याहून एसटी सुटली तेव्हा अण्णांनी खिडकीची जागा मला दिली. मी तेव्हाच ओळखलं, बीबी गाव आलं की यांना बाहेर बघायचं नाहीये.

अण्णा माझे वडील. घरात कुठलंही लग्न निघालं की त्यांची एक गोष्ट ठरलेली. त्यांच्या थोरल्या भावाचं लग्न सुलतानपूरला होतं. धाडहून वऱ्हाड ट्रकमध्ये निघालं, नवरदेव मागच्या जीपमध्ये. वाटेत बीबीला रस्त्यालगत मांडव दिसला. लोक पाण्याचे तांबे घेऊन धावत आले आणि सुलतानपूर आलं असं समजून आमचं अख्खं वऱ्हाड उतरून पंगतीला बसलं. ‘नवरदेव मागून येऊन राह्यला’ हे दोन्हीकडे खरंच होतं, मग शंका कोण घेणार? वरण-बट्टी (कणकेचे उकडून तळलेले तुकडे), वांग्याची भाजी, बुंदी. हात धुताना खऱ्या वऱ्हाडाचा बँड ऐकू आला आणि सगळे ट्रकवर चढून पसार! इथं आम्ही हसून लोळायचो. मी विचारायचे, मग त्या लोकांनी काय खाल्लं? देव जाणे, म्हणायचे अण्णा. परवा माझ्या मुलानंही तेच विचारलं, तेव्हा मात्र ते हसले नाहीत. कुणाच्या तरी लेकीच्या लग्नातलं अन्न आपण संपवून आलो, हे हल्ली त्यांना फार लागतं.

आताही आम्ही सुलतानपूरलाच निघालो होतो, काकूच्या भाचीच्या लग्नाला. सिंदखेड राजा मागे पडलं. नांगरलेली काळी रानं, मधेच बियाण्याच्या पिकाची पांढरी शेडनेट. बीबीला गाडी थांबली आणि मी उठले.

“काऊन उठली?” अण्णा म्हणाले.

“त्यांनी काय खाल्लं ते विचारायला.”

अण्णा पुटपुटत उतरले. या गडबडीत आहेराची पिशवी गाडीतच राहिली. कंडक्टरनं ती खिडकीतून माझ्या अंगावर टाकली, वर चार शब्दही सुनावले.

चहावाल्याला मी भीतभीतच विचारलं. त्यानं किटली खाली ठेवली. “ते पळपुटं वऱ्हाड? आमच्या इथं लेकराले बी ठाऊक हाये.” दुकान तसंच टाकून तो आम्हाला त्या घरी घेऊन गेला. म्हणजे इतकी वर्षं आमची गोष्ट इथंही सांगितली जात होती, आणि आम्हाला गंधही नव्हता.

सुमनबाई अंगणात कुरडया घालत होत्या. त्या लग्नातल्या नवरीच्या या वहिनी. चहावाल्यानं आम्ही कोण ते सांगितलं, तशी हात पुसत त्यांनी अण्णांना न्याहाळलं. “बुंदी वाढू वाढू माहा हात दुखवला, ते तुम्हीच ना?”

अण्णांनी हात जोडले. “बाई, तुमचं वऱ्हाड उपाशी राह्यलं काय हो?”

नाही राहिलं, त्या सांगू लागल्या. बट्टी संपली होती, सासूबाई, म्हणजे नवरीची आई, डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. तेवढ्यात गल्लीतल्या घराघरांतून भाकरी, पिठलं, ठेचा येत गेला. नवरदेवाकडचे लोक पोटभर जेवले. आजही नणंदेच्या सासरचं कुणी आलं की त्याला त्या प्रत्येक घरी चहा घ्यावाच लागतो.

“सोयरीक एका घराशी ठरली होती,” सुमनबाई म्हणाल्या, “झाली साऱ्या गल्लीशी. तुमच्यामुळं.”

अण्णा ओट्यावर टेकले. बरं वाटलं मला, खूप बरं वाटलं.

मग सुमनबाईंनी त्यांचा अडकलेला प्रश्न काढला: पळून गेलात ते पुढं काय झालं? अण्णांना तेवढंच हवं होतं. सुलतानपूरला कुणाला घास उतरेना. नवरीकडच्यांना वाटलं वऱ्हाड रुसलं, आणि ते हातापाया पडायला लागले! सुमनबाई पोट धरून हसल्या. निघताना त्यांनी कुरडईचा गरम चीक तूप-साखर घालून दिला. अण्णांनी पुन्हा मागून घेतला. खोड जाते कुठे!

लग्न आटोपून नाशिकला घरी परतलो. अण्णांनी नातवाला तीच गोष्ट सांगितली, आणि त्यानं सवयीनं तोच प्रश्न विचारला.

“थांब,” अण्णा म्हणाले, “तेवढी गोष्ट माही नाही.” त्यांनी बीबीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

पलीकडून सुमनबाईंनी आधी विचारलं, “जेवले काय?”