नणंद-भावजयीचं टेंडर

त्या दोघी नणंद-भावजय. सफाईची कामं घेणारी त्यांची छोटीशी कंपनी दोघींच्या जोरावर चालायची. भावजयीला कामावरच्या सगळ्या बायका वहिनी म्हणायच्या. ती नणंदेला वन्सं म्हणे, म्हणून बायकाही तिला वन्संच म्हणू लागल्या. नव्या माणसाला वाटायचं, या साऱ्याजणी एकाच घरात दिल्या आहेत की काय!

वहिनीनं कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली ऑफिसं झाडली-पुसली होती. मालकानं धंदा गुंडाळला तेव्हा त्याची जुनी यंत्रं विकत घेऊन ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. वन्सं तेव्हा एका कारखान्यातल्या हिशेबाच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि घरात बसून प्रत्येकाच्या चुका काढत होत्या. वहिनीचा नवरा हात जोडून बायकोला म्हणाला, “ताईला काहीतरी काम दे, नाहीतर मी घर सोडून जातो.” वन्सं आल्या आणि कंपनीत रुळल्या.

दोन दवाखाने, एक बँक, एक वाचनालय एवढा त्यांचा पसारा. अशात शहरातल्या एका काचेच्या नऊ मजली इमारतीच्या सफाईचं टेंडर निघालं. वन्संच्या डोळ्यांत चमक आली. “नऊ मजले?” वहिनी म्हणाली. “बघायला काय जातंय?” वन्सं म्हणाल्या, आणि ठरलं.

इमारत दाखवायला बोलावलं त्या दिवशी बाकीचे ठेकेदार टाय लावून आले होते. इमारतीचा व्यवस्थापक पुढे आणि हे सगळे मागे, अशी वरात निघाली. वहिनी मात्र रेंगाळत होती. पाणी भरायचा नळ कुठे आहे, कचरा कुठल्या लिफ्टनं खाली जातो, गालिचा कुठे संपतो आणि फरशी कुठे सुरू होते, हे ती पाहत होती. तिसऱ्या मजल्यावर ती संडासात शिरली ती बाहेरच येईना.

“अगं, लोक बघतायत!” वन्सं दारातून कुजबुजल्या.

“बघू देत. अर्धं काम इथंच आहे.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वन्संनी दराचा हिशेब मांडला. एक बाई अमुक वेळात एक मजला करते, मग इतक्या बायका, इतका पगार. सगळं कसं सुटसुटीत.

वहिनीनं विचारलं, “वन्सं, ही कुठली बाई धरलीत?”

“आपली तुफान.”

तुफान म्हणजे बँकेतली सगळ्यात तरुण पोरगी. तिच्या हातात मॉप आला की समोरची माणसं पाय वर घ्यायची.

“आणि बँकेतल्याच आपल्या आत्याबाई? त्यांचे गुडघे? तुफानच्या वेगानं दर लावलात तर आत्याबाईंना घरी बसवावं लागेल. आणि तुफान तरी रोज तुफान असते का?”

“धंद्यात इतकी माया चालत नाही गं.”

वहिनी वाद घालत बसली नाही. “उद्या माझ्याबरोबर बँकेत चला,” एवढंच म्हणाली.

बँकेत वन्संनी बाह्या सरसावल्या आणि मोठ्या ऐटीत मॉप उचलला. अर्धा पॅसेज झाला तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. जिन्याशी पोचल्या आणि पायरीवर बसल्याच. आत्याबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं, वर पाठीवरून हात फिरवला.

“या रोज करतात हे?” वन्संनी दम खात विचारलं.

“रोज.”

वन्संनी पाणी संपवलं. मग म्हणाल्या, “चल घरी. पहिल्यापासून करू.”

आणि वन्सं एकदा हिशेबाला बसल्या की काही सोडत नसत. कोणी आजारी पडली तर बदली बाई, भरपगारी रजा, यंत्राचे ब्रश, साबण, हातमोजे, सगळं त्यांनी दरात धरलं. “आणि पुसायची फडकी? आयुष्यभर हेच केलंस आणि फडकी विसरलीस?” वन्संनी टोकलं. वहिनीनं जीभ चावली. सफाई रात्रीची होती, म्हणून बायकांना घरी सोडायची गाडीही त्यात आली. शेवटचा आकडा वहिनीनं दोनदा वाचला.

“वन्सं, ते आपल्याला दारातूनच परत पाठवतील.”

“पाठवू देत. तोट्यात काम घेऊन रडण्यापेक्षा घरी बसून चहा पिऊ.”

पण बोलावणं आलं. व्यवस्थापक सरळ माणूस होता. “तुमच्या बँकेत चौकशी केली मी,” तो म्हणाला. “चांगलं बोलतात तुमच्याबद्दल. पण आकडा जड आहे. थोडं खाली येता येईल का?”

वन्संनी भावजयीकडे पाहिलं. पगाराला हात लावायचा नाही, हे दोघींचं आधीच ठरलं होतं. वहिनीनं धीर करून विचारलं, “साहेब, सफाई रात्रीच का हवी?”

“म्हणजे? पहिल्यापासून तसंच आहे.”

“यंत्रं आम्ही पहाटे, ऑफिसातले लोक यायच्या आत फिरवू. बाकीचं काम दिवसा, हातानं. आमची गाडी वाचेल, तुमचे रात्रीचे दिवे वाचतील.”

“लोकांच्या पायात पायात नाही का येणार?”

“थोडं येऊ,” वहिनी खरं तेच बोलली. “पण सांडलेला चहा दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही पडणार.”

तो हसला. तोवर वन्संनी गाडी वजा करून नवा आकडा कागदावर लिहिलाही होता. त्यानं तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि “कळवतो” म्हणाला. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही.

फोन आला तेव्हा दोघी बादल्यांच्या दुकानात घासाघीस करत होत्या. वरचे गालिच्यांचे मजले एका मोठ्या कंपनीला गेले होते. खालचे चार मजले आणि दर्शनी दालन या दोघींना मिळालं होतं.

“अर्धंच?” वन्सं फणकारल्या.

वहिनी बादल्यांच्या ढिगाला टेकून हसत सुटली. “वन्सं, सगळं मिळालं असतं तर इतक्या बायका मी आणल्या कुठून असत्या हो? टेंडर भरल्यापासून झोप नव्हती मला.”

“मग आधी सांगायचं!”

“तुम्ही ऐकलं असतं?”

वन्संनी ढिगातली एक बादली वाजवून पाहिली. दुकानदाराकडे वळून म्हणाल्या, “त्या निळ्या दाखवा. आणि भाव नीट लावा, आता आम्ही मोठी गिऱ्हाइकं आहोत.”

काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात वहिनीला एक गंमत कळली. इतकी वर्षं तिनं रिकामी टेबलं पुसली होती. कोण बिस्किटांचा चुरा सांडतो, कोण पेन्सिली कुरतडतो, हे तिला ठाऊक असायचं, पण माणूस कधी दिसायचा नाही. आता टेबलांमागे चेहरे होते. दुसऱ्या मजल्यावरची चष्मेवाली बाई आत्याबाईंना पाहून खुर्ची मागे सरकवायची आणि गुडघ्यांची चौकशी करायची. तुफाननं एका गंभीर साहेबांना पाय वर घ्यायला लावले, तेव्हा अख्खं ऑफिस हसलं आणि साहेबही हसले.

वहिनी दालनातल्या खांबाआड उभी राहून हे पाहत होती. एवढ्यात एक मुलगा ओल्या फरशीच्या कडेकडेनं जाताना थांबला. “मावशी, इथून गेलो तर चालेल ना?”

“जा बाळा, वाळलीये आता,” ती म्हणाली, आणि वन्संना चहाला हाक मारायला निघाली.