पडद्यामागची मोकळी जागा

माधव गेल्याचं मला विठ्ठलवाडीच्या फलाटावर कळलं. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, "झोपेतच गेला." मला आधी रडू आलं नाही, रागच आला. झोपेत? हा माणूस झोपायचा तरी कधी? इतकी वर्षं शेजारी राहून मी त्याला धड बसलेला पाहिला नव्हता. चहाचा कप हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचा आणि नजर सारखी मलंगगडाकडे... वारा त्या बाजूने येतो ना! ही फाल्गुनातली गोष्ट. आता चैत्र सरत आला तरी माझं मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसलो.

अंबरनाथला आम्ही दोघं एकाच कारखान्यात नकाशे काढायचो. आमच्या वसाहतीचं मंडळ दर हनुमान जयंतीला मैदानात सिनेमा दाखवतं. पडदा बांधायचं काम माधवने हौसेने अंगावर घेतलेलं. पहिल्या वर्षी त्याने उल्हासनगरच्या छावणीतल्या सिंधी कापडवाल्या चेलारामकडून जाड कापड आणलं. "साईं, कपडा मजबूत है, आँधी में भी नहीं फटेगा," चेलाराम म्हणाला आणि आम्ही खूष! दोन उंच बांबूंना ते कापड चारी कडांनी करकचून ताणलं. पुरुष समोर आणि बायका पडद्यामागे, अशी आमच्याकडची रीत. बायकांना सगळं उलटं दिसायचं, नावांच्या पाट्यासुद्धा. पण त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. संध्याकाळी साहेबलोकांच्या खुर्च्या आल्या, त्या पुढे ठेवायला ताणाचे दोर आड येऊ लागले, म्हणून माधवने पुढचे दोर सोडले. "मागचे आहेत की," म्हणाला.

वारा समोरून आला. कापड खरंच फाटलं नाही, आणि तिथेच घात झाला. शिडात भरावा तसा वारा त्यात भरला आणि बांबूंसकट पडदा मागे, बायकांवर कोसळला. माधवची बायको, सुशीलावहिनी, पडद्याला अगदी लागून बसलेली. बांबू तिच्या खांद्यावर बसला. तिचा उजवा हात त्यानंतर कधी डोक्यापर्यंत गेला नाही. रोज सकाळी तिचा अंबाडा माधव घालू लागला. वाकडा-तिकडा. आळीने त्याची यथेच्छ थट्टा केली, मीही केली. तो हसायचा नाही.

पुढच्या वर्षीपासून त्याने पडद्याच्या खालच्या कडेला सुरगाठी मारल्या. एक दोरी ओढली की कापड मोकळं, वारा खालून निघून जातो, बांबू उभेच. खुंट्या खोल ठोकल्या, बांबूंच्या बुडाशी वाळूची पोती रचली. खुर्च्या मागे हटवून पुढचे दोर कायम ठेवले. तरी त्याचं समाधान होईना. पडदा पडलाच तर मागे पडणार, तेव्हा मागे कुणी बसताच कामा नये, बायकांना समोर घ्या, असा त्याने हट्टच धरला. मंडळाचे अध्यक्ष आप्पा कडाडले, "बायका पुरुषांत बसवणार? लोक मंडळाच्या तोंडात शेण घालतील!" दर चैत्रात हे भांडण. एका वर्षी मात्र माधव सिनेमाच्या मशीनपुढेच जाऊन उभा राहिला. "मागचं मैदान रिकामं झाल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही."

कुणी हलेना. मग सुशीलावहिनी उठली. सतरंजी डाव्या काखेत मारून ती पडद्याला वळसा घालून आली आणि साहेबांच्या खुर्च्यांपुढे ऐसपैस बसली. तिच्यामागून एकेक करत सगळ्याच आल्या. चित्र सुरू झालं तशी ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, मला आजवर वाटायचं हे नट मेले सगळे डावखुरे!" मैदानभर हशा पिकला.

अर्ध्यात वारा सुटला. माधवने दोरी ओढली, कापड फडफडत वर उडालं, खेळ बंद पडला. लोकांनी शिव्या घातल्या. आप्पा म्हणाले, "झुळकीला भिऊन रंगाचा बेरंग केलान मेल्याने." कुणाला काही झालं नव्हतं, मग त्याचे आभार कोण मानणार? त्याला त्याची फिकीर नव्हती. बायका पुन्हा मागे गेल्या नाहीत, एवढं त्याला पुरलं. पण वहिनीच्या शेजारी एक आख्खं चित्र बसून बघ म्हणून मी किती विनवलं! दर वेळी "पुढच्या वर्षी." हे मात्र मी त्याला माफ करणार नाही...

यंदाच्या हनुमान जयंतीला खेळ झाला. वहिनी आली, समोर बसली. मला काही केल्या बसवेना. दोरी कोण सांभाळतंय, हे बघायला मी पडद्यामागे गेलो. तिथे आप्पा उभे होते. धोतर खोचलेलं, पायाने खुंटी दाबून बघत होते. मला पाहून म्हणाले, "तुम्ही जा, बसा पुढे. इथे मी आहे."

मी गेलो नाही. त्या मोकळ्या जागेत आम्ही दोघे, दोरीवर हात ठेवून, चित्र संपेपर्यंत उलट्या बाजूने बघत राहिलो.