दस्तगीरमास्तरांचा बँड आणि एक अर्धचंद्र

विषय : दस्तगीरमास्तरांच्या बँडचा कार्यक्रम रद्द झालेबाबत.
संदर्भ : माझे व्याकरण.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की… आता काय सादर करू, कपाळ!

मी कचेरीत आवक टेबलावर होतो. आलेला अर्ज नोंदवायचा, वर दोन ओळींचा शेरा मारायचा आणि योग्य त्या शाखेकडे धाडायचा. माझी एक पद्धत होती. 'विषय' या शब्दापुढची ओळ वाचायची, बाकी अर्ज देवाला! त्या ओळीत व्याकरणाची चूक दिसली तर मात्र लाल शाईने सुधारायची. मातृभाषेचे ऋण मी असे सरकारी शाईने फेडत होतो.

दस्तगीरमास्तरांचा बँड वरातीत वाजायचा. पण लोक वरातीसाठी थोडेच यायचे? ते मास्तरांच्या क्लॅरोनेटसाठी यायचे. मी स्वतः एकदा अनोळखी नवरदेवाच्या मागून पार राजारामपुरीपर्यंत चालत गेलो होतो. जेवूनही आलो होतो.

तर आणीबाणीच्या दिवसांत मास्तरांचे पुढचे दात हलू लागले. डॉक्टरांनी ते काढायला बुधवार दिला. दात गेले की क्लॅरोनेट गेली. म्हणून आदल्या शनिवारी शिवाजी पेठेतल्या मैदानात शेवटचा कार्यक्रम ठरला. वरात नाही, नवरा नाही, नुसता बँड.

शनिवारी मी सतरंजी घेऊन पाचलाच हजर झालो. बघतो तो फाटकाला कुलूप आणि पुढे पाच पोलीस. कोपऱ्यात ढोल-ताशे उलटे ठेवलेले आणि मास्तर क्लॅरोनेटच्या पेटीवर बसलेले.

मी हवालदाराला विचारले, काय झाले?

"कार्यक्रम न्हाय, पावणं. घरला जावा."

"अहो, पण का?"

"वरनं हुकूम हाय."

"वरनं म्हणजे कुठनं?"

"तुमच्याच कचेरीतनं की!"

झाले! सगळी पेठ माझ्याकडे वळली. आमचे शेजारी शामराव तर वाटच बघत असावेत. म्हणाले, "बघ की जरा, तुझ्या हापिसात कुठलं गाढव बसलंय ते."

मला मुकाट्याने घरी जाता आले नसते का? पण नाही. एका बँडला सरकारने का घाबरावे, या कुतूहलाने मला पछाडले होते. मी सतरंजी खांद्यावर टाकून जाहीर केले, की सोमवारी त्या गाढवाचा शोध लावतो आणि नाव इथे येऊन सांगतो.

मास्तर हळूच म्हणाले, "तेवढं नाव कळवा, साहेब. दात जायच्या आत."

रविवारी मी नुसते तर्क केले. मंत्र्यांचा दौरा असेल का? की दुसऱ्या बँडवाल्यांचा डाव? सोमवारी परवाना शाखेत गेलो. ते म्हणाले, आमच्याकडे अर्ज आलाच नाही. मग गेला कुठे? नोंदवही बघितली तर अर्ज गोपनीय शाखेकडे! बँडचा अर्ज गोपनीय शाखेत? तिथल्या कारकुनाने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि साहेबांकडे बोट दाखवले.

साहेबांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "मोठ्याने वाचा."

अर्ज कचेरीबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या टायपिस्टाने टाईप केलेला होता. त्याच्या यंत्राची अर्धचंद्राची कळ तुटलेली. डोक्यावरचा अर्धचंद्र गेला की 'बँड'चे काय होते? खाली टिंब उरते. मी वाचू लागलो : "विषय : शनिवारी सायंकाळी मैदानात सार्वजनिक बंडच्या कार्यक्रमास परवानगी मिळणेबाबत."

'बंडच्या'वर लाल रेघ होती. वर टपोऱ्या, वळणदार अक्षरात 'बंडाच्या' अशी दुरुस्ती. असे अक्षर कचेरीत एकाचेच होते. खाली शेरा : "अर्जदार बंड करू इच्छितात. पूर्वपरवानगी घेऊन बंड करण्याचा प्रकार नवीन दिसतो. गोपनीय शाखेकडे तातडीने सादर."

"माणूस बंड करील का हो अर्ज करून?" साहेबांनी विचारले.

मी म्हणालो, "साहेब, मलाही नवलच वाटलं होतं."

"मग पुढची ओळ वाचायची!"

पुढच्या ओळीत क्लॅरोनेट होती. खाली दस्तगीरमास्तरांची सही होती.

साहेबांनी त्याच दिवशी सुधारित परवाना काढायला सांगितले आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. खुलासा टाईप करायला बसलो तर आमच्या कचेरीच्या यंत्रालाही अर्धचंद्र नाही. 'सदर बंडशी माझा संबंध अनवधानाने आला' असे सरकारदफ्तरी जाऊ नये म्हणून प्रत्येक अर्धचंद्र मी हाताने काढला.

मंगळवारी मास्तरांकडे गेलो. शब्द दिला होता ना! शामराव तिथे आधीच बसलेले. मी गाढवाचे नाव सांगितले. मास्तर उठले, माझ्या मानेवर हात ठेवला आणि मला उंबऱ्याबाहेर नेऊन सोडले. चांगल्या मराठीत यालाही अर्धचंद्रच म्हणतात.

परवाना गुरुवारी निघाला. दात बुधवारीच गेले होते.

त्यानंतर कचेरीच्या यंत्राला अर्धचंद्राची कळ मिळावी असा रीतसर अर्ज मी केला. विषयाची ओळ स्वच्छ, व्याकरण बिनचूक. मी निवृत्त झालो, ते यंत्रही निवृत्त झाले. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.