रब्बींच्या पोथीला हळदकुंकू

अख्ख्या अमिरातीत पुस्तकाला आधी नमस्कार करून मग त्याची चिरफाड करणारा माणूस एकच, आणि तो माझा सख्खा साडू निघावा, हे माझं भाग्य की भोग याचा निकाल अजून लागायचाय. अल कुसैसच्या एका वर्कशॉपमध्ये ते जुनी पुस्तकं उसवून, धुऊन, पुन्हा शिवायचे. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना एक तर नीट शिवलेली दिसायची, नाही तर वाईट शिवलेली. विमानतळावर ऑफिसरने पासपोर्टवर शिक्का मारला, तर हे त्यालाच म्हणाले, "हबीबी, इसका सिलाई कच्चा है." पुढचा पाऊण तास आम्ही दोघं एका बाकावर बसून होतो. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याशी ते आठवडाभर बोलायचे नाहीत, माझी मुलगी "काका, इट्स जस्ट अ मॅगझिन!" म्हणाली, तर तिच्याशी पंधरा दिवस. चिकटवायची खळ ते आमच्याच ओट्यावर शिजवायचे आणि श्रीखंडाच्या डब्यात भरून आमच्याच फ्रिजमध्ये ठेवायचे. एकदा मी ती चांगली वाटीभर खाल्ली. बायकोने घाबरून फोन केला, "भाऊजी, यांना काही होणार नाही ना?" तर म्हणतात कसे, "त्यांना काय धाड भरलीय? माझी खळ संपली त्याचं बोल!"

अशा माणसाच्या हाती ऐन गणपतीत ती पोथी आली. दुबईतल्या एका म्हाताऱ्या ज्यू डॉक्टरांची. त्यांच्या पणजोबांना ती त्यांच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, स्वतःजवळची दिलेली. रब्बी हसिदी पंथाचे. गात-नाचत देवाला आळवणारे. "म्हणजे टाळमृदंगवालेच की आपले!" साडूंनी नातं जोडून टाकलं. तसली प्रत आता शोधूनही मिळायची नाही, शिवाय समासात रब्बींच्या हातची बारीक टिपणं. महिनाभर साडू त्या पोथीपुढे मोठ्याने शिंकलेही नाहीत.

आणि खंडेनवमीला घात झाला. वर्कशॉपमध्ये त्यांनी सुऱ्या, सुया, पुस्तकं दाबायचा शिकंजा सगळ्यांना हळदकुंकू लावलं. शेजारी ती पोथी उघडी. एवढं वडीलधारं माणूस घरात असताना त्याला वगळून सुईला कुंकू लावायचं? हे मनात येतंय तोवर ओलं बोट पहिल्या पानावर टेकलंसुद्धा! जुन्या कागदातून हळद निघत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? मॅनेजर एवढंच म्हणाला, "खलास. नोकरी खलास, व्हिसा खलास." साडूंना व्हिसाचं काहीच नव्हतं. "अहो साडू, इतक्या पिढ्यांनी जपलं आणि मी डागाळलं हो," म्हणत हा साठीचा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला. मला फार वाईट वाटलं.

पोथी परत द्यायला ते मला दुभाष्या म्हणून घेऊन गेले. डॉक्टरांनी ती उघडली आणि पहिल्याच पानावर थांबले. माझं इंग्रजी जुळेपर्यंत साडू स्वतःच बोलले, "साब, गलती मेरा है. त्योहार था. पूजा किया."

"आमच्यात पुस्तकाची पूजा करत नाहीत," डॉक्टर कोरडेपणाने म्हणाले. मी भाषांतर केलं. साडूंनी मान खाली घातली.

"पडलं तर मात्र आम्ही ते उचलून त्याचा मुका घेतो."

"हम माथे को लगाते हैं," साडू पुटपुटले.

 डॉक्टर पानं उलटून दाखवू लागले: हे मेणबत्तीचं मेण, ही सणाची वाइन, हा रब्बींचा चहा. साडूंचं नाव विचारून, खिशातून पेन्सिल काढून त्यांनी त्या पिवळ्या डागाशेजारी उजवीकडून डावीकडे हिब्रूत एक ओळ लिहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "इथे कोणी हात लावला, ते नातवंडांना कळायला नको?"

साडू आता साताऱ्याला असतात. पोथी कुठे आहे देव जाणे. त्यांच्याशिवाय इथे करमत नाही, खरं सांगतो. परवा फोनवर म्हणाले, "साडू, हजारो पुस्तकं शिवली हो. छापणाऱ्याचंसुद्धा नाव असतं त्यात, शिवणाऱ्याचं कुठेच नसतं. त्या एका पोथीत तेवढं माझं आहे." थोडं थांबून हळूच विचारलं, "डॉक्टरांनी नीट लिहिलं असेल ना हो?"

मला कुठे वाचता येतंय? मी म्हटलं, "सुंदर लिहिलंय."