चार सुतांची चूक

आमच्या गावात पाट काढायचा असो की घराचं जोतं, पातळी बघायला पहिली हाक बाबूला जायची. बाबू चौथी शिकलेला. मी दोडामार्गच्या शाळेत नववीला ‘मापनातील त्रुटी’ हा धडा शिकवणारा मास्तर. आता कोणी कोणाला शिकवलं ते ऐका.

बाबूचं सामान म्हणजे बांबूच्या दोन काठ्या आणि प्लास्टिकची एक पारदर्शक नळी. काठ्यांवर खालपासून वर इंच आणि सूत कोरलेले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नळीत पाणी भरायचं आणि तिची दोन टोकं दोन काठ्यांना धरायची. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं, ते कोणाची भीड धरत नाही. मग दोन काठ्यांवरचे आकडे ताडून पुढची जमीन किती खाली आहे ते समजतं. पाटाला दर टप्प्याला, म्हणजे एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत, तीन सूत उतार लागतो.

हे काम त्याला गावातल्याच म्हाताऱ्या दाजीनं शिकवलं. दोघांनी तीस वर्षं जोडीनं पाट काढले. त्यांची एक रीत होती. टप्पा मोजून झाला की पुढचा आपली काठी धरून जागेवरच उभा राहायचा आणि मागचा त्याला ओलांडून पुढे जायचा. पुढच्या खेपेला उलट. काट्याकुट्यातून हे असं ओलांडत जायचं कशाला, म्हणून मी एकदा दाजीला विचारलं.

“काठी खोटी आसली तरी चलात मास्तर,” तो म्हणाला, “चाल खरी व्हयी.”

काठी खोटी चालेल, पण चाल खरी हवी म्हणे! म्हाताऱ्यांच्या तऱ्हा, असं म्हणून मी हसलो. बाबूलाही त्यातलं कारण ठाऊक नव्हतं, पण दाजी म्हणाला की झालं.

दोन वर्षांपूर्वी दाजी गेला. गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि आमचा जुना पाट त्याच्याखाली गेला. पाटाच्या अगदी शेपटाला राधाबाईंची दोनशे पोफळींची बाग. ओढ्यावर बंधारा घालून डोंगराच्या कडेनं नवा पाट न्यायचा ठरला. पौष संपायच्या आत पाणी पोचलं नाही, तर पोफळी हातच्या जाणार होत्या. राधाबाई रोज येऊन बाबूच्या अंगणात बसायच्या. बाबूला ते जड जायचं.

दाजीची काठी आता बाबूच्या सुनेनं, तेजस्वीनं धरली. पोरगी हुशार आणि सासऱ्यावर माया करणारी. बाबूचा गुडघा सुजलेला, पुढे सगळं करवंदीचं रान. बाबू तिला ओलांडून जायला निघाला तसं तिनं त्याला अडवलं.

“मामा, तुमी फाटीच रवा. फुडे काटे आसत.”

बाबूला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं; अशी सून मिळायला भाग्य लागतं. साठ टप्पे झाले, साठही वेळा तेजस्वी पुढे आणि बाबू मागे.

गावानं आठ दिवस पाट खणला आणि बंधाऱ्याचं पाणी सोडलं. बंधाऱ्यात साठलेल्या जोरावर पाणी ऐटीत निघालं, अर्ध्यावर मंदावलं आणि थांबलं. मग हळूहळू तिथेच तुंबून काठावरून सांडायला लागलं. लोक कुजबुजले, बाबूचे डोळे गेले. राधाबाई घरी गेल्या.

बाबूनं दोन्ही काठ्या ओटीवर आणून शेजारी शेजारी उभ्या केल्या. आकडे जुळेनात. दाजीची काठी तीस वर्षांत खालून चार सूत झिजली होती. म्हणून तिच्यावरचा आकडा चार सूत जास्त दिसायचा. ती कायम पुढे राहिली, त्यामुळे तीन सूत उतार मोजला तिथे प्रत्यक्षात एक सूत चढ निघाला, आणि तोही प्रत्येक टप्प्याला. ओलांडत गेले असते तर तीच काठी एकदा पुढे, एकदा मागे आली असती आणि एका टप्प्याची चूक दुसऱ्यानं खाल्ली असती. हे मी वर्गात फळ्यावर शिकवतो आणि रानात उभा राहून मला दिसलं नाही. लाज वाटली.

संध्याकाळी बाबू देवळासमोर सगळ्यांपुढे उभा राहिला. “चूक काठयेची नाय, सुनेचीय नाय. माजी. मी चाल सोडलंय.”

तेजस्वी रडत होती. तिनं कोयती घेतली आणि लांब काठी तासून दोन्ही सारख्या करायला निघाली. बाबूनं तिचा हात धरला.

“रवांदे गो. सारकी केलंस, तर चाल परत विसारतलंव.”

दुसऱ्या दिवशी तो सुजलेला गुडघा ओढत करवंदीत शिरला. एकदा तो पुढे, एकदा ती. तेजस्वी दर खेपेला दातांखाली ओठ धरायची, पण तिनं त्याला अडवलं नाही. गावानं पाट पुन्हा खणला, यावेळी कोणी कुरकुरलं नाही.

पाणी सोडलं त्या दिवशी बाबू शेवटच्या खुणेपाशी, राधाबाईंच्या बागेत बसून होता. तास गेला. मग सुकल्या पानांवरून सरसर आवाज आला आणि पाणी त्याच्या पायाला लागलं.

“इला गो, पाणी इला!” राधाबाई ओरडल्या आणि पहिल्या पोफळीला कवटाळून रडायला लागल्या. मीही रडलो.

तेजस्वी खाली बसून सासऱ्याच्या ओल्या पायातले काटे काढायला लागली. एकेक काढताना तिचे डोळे भरून येत होते. बाबू तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “रडा नको गो. हे काटे पयलेच खेपेक टोचाक व्हये होते.”