दाराला कडी असलेली गाडी

आमची घरगाडी पाहिली की लोक आधी विचारत, "कुठल्या पुढाऱ्याची?" बीडच्या रस्त्यांवर एवढी उंच, पांढरी, पडदे लावलेली गाडी निवडणुकीतच दिसते. निवडणूक नसली तर ती सिनेमावाल्यांची व्हॅनिटी असणार, असा लोकांचा हिशोब. ही एका निवृत्त नर्सबाईची गाडी आहे आणि तिने ती मुख्यतः संडासासाठी बनवून घेतली आहे, असं सांगितलं की विचारणारा एकतर गप्प व्हायचा, नाहीतर खो खो हसायचा. माझी बायको दोघांनाही सारख्याच गंभीरपणे आत बोलावून दार दाखवायची.

तिची सगळी नोकरी नेकनूरच्या बाजूच्या खेड्यांत गेली. कधी जीप, कधी एसटी, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून. सकाळी निघताना ती चहा अर्धाच घ्यायची आणि पाण्याच्या तांब्याला हात लावायची नाही. लग्न नवं असताना मी एकदा विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. "वाटेत जायचं कुठं?" एसटी थांबली की पुरुष खाली उतरून भिंतीकडे तोंड करतात. बायका बसून राहतात. प्रवासाच्या दिवशी पाणी प्यायचं नाही, हे आमच्याकडे मुलीला कुणी सांगत नाही. आईचं बघून ती शिकते. गावोगाव बाळंतिणींना "भरपूर पाणी पीत जा" म्हणून बजावणारी माझी बायको दुपार टळेपर्यंत स्वतः कोरडी असायची. तिला मूतखड्याने दोनदा अंथरुणावर पाडलं. दुसऱ्या वेळी, हाताला सलाईन लावलेलं असताना, ती छताकडे बघत म्हणाली, "रिटायर झाले की मी माझा संडास संगं घेऊन फिरणार." तापात बोलते आहे असं मला वाटलं.

आम्ही दोघं स्कूटरवर कुठे निघालो की माझ्याकडे एक काम ठरलेलं असे. बाभळीचा आडोसा किंवा उंच वाढलेली तूर बघून ती आत जायची. मी रस्त्याकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून उभा राहायचो. कुणी येताना दिसलं तर खोकायचं. पण नुसतं उभं राहिलं तर मी जागेवर आहे की नाही हे तिला कळायचं नाही, म्हणून बोलत राहायचं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, बोलण्यात कच्चा. मग मी वाचत असलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगायचो. ती बाहेर आली की गोष्ट तिथेच थांबायची आणि स्कूटर सुरू व्हायची. पुढच्या थांब्याला तुरीतून आवाज यायचा, "हां, मग त्या म्हाताऱ्याचं काय झालं?" किती कादंबऱ्या तिने अशा तुकड्यातुकड्यांनी ऐकल्या असतील, सांगता येणार नाही. तिने त्यातली एकही उघडून पाहिली नाही. म्हणायची, "मला उभं राहून सांगितलेलीच आवडते."

निवृत्तीनंतर तिने खरोखरच गाडी केली. कोरी प्रवासी गाडी घेऊन ती पुण्याजवळच्या एका कारखान्यात आतून बनवून घेतली. दोन झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, लहानसं सिंक, टपावर पाण्याची टाकी. आणि मागच्या कोपऱ्यात, कपाटाएवढ्या जागेत, तो संडास. खालची टाकी काढून घरी रिकामी करता येते. कारखान्यातल्या मुलांनी त्या दाराला चुंबकाची पकड बसवली होती. ती हिने काढायला लावली. "चुंबकावर माझा भरवसा न्हाई. कडी लावा. आवाज आला पाहिजे." मग आमच्या न्हाणीघराला असते तशी साधी लोखंडी कडी आली. एवढ्या गुळगुळीत गाडीत ती अजूनही पाहुण्यासारखी दिसते.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटलं आणि गल्लीत खीर वाटली. शेजारच्या काकू वाटी हातात घेऊन गाडीत चढल्या, शेगडी पाहिली, मग मागचं दार उघडून पाहिलं आणि तशाच मागे सरल्या.

"अगं बाई, एकाच डब्यात सैपाक आन त्याच डब्यात हे? घास कसा उतरंल घशाखाली?"

"काकू, तुमच्या घरात बी दोन्ही हायेत की."

"आमच्यात मधी भिंत हाय."

"मग हे काय हाय?" बायकोने प्लायवूडवर टकटक केलं. "खीर खा, निवतीय."

आमचा त्या गाडीतला प्रवास एकच झाला. मांजरसुंब्याच्या पुढे, तिच्या जुन्या गावांच्या रस्त्याने. गाडी तीच चालवत होती. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला होता. एका हाताने बाटली तोंडाला लावून ती घटाघटा पाणी पीत होती आणि मधेच माझ्याकडे बघून हसत होती, एखादी खोडी केल्यासारखी. एका माळावर तिने गाडी थांबवली आणि मागे गेली. मी दार उघडून खाली उतरलो, रस्त्याकडे तोंड केलं, घसा साफ केला. डोक्यावरची बारकी खिडकी सरकली.

"अहो, कुणाची राखण करताय? दाराला कडी हाय आता. आत या, चहा ठेवा."

मी आत गेलो आणि चहा ठेवला. त्या म्हाताऱ्याची गोष्ट, जी आधीच्या स्कूटरच्या प्रवासात अर्धी राहिली होती, ती मग अर्धीच राहिली. तिने विचारलं नाही आणि मीही काढली नाही. घरी बसून सांगण्यासारखी ती वाटलीच नाही.

त्याच हिवाळ्यात ती गेली. मेंदूतली शीर फुटली. बोलणं असं काही झालं नाही.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. मी कधीतरी बॅटरी उतरू नये म्हणून ती सुरू करायचो, पण मागे जायचो नाही. तिथे खुंटीवर तिचा स्टीलचा पेला टांगलेला होता. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "बाबा, उभी गाडी खराब होते. कुणाला तरी वापरू द्या." तो चुकीचं बोलत नव्हता. शेवटी सिरसाळ्याचा एक हॉटेलवाला ती विकत घ्यायला तयार झाला. भला माणूस, मला सर म्हणायचा. त्याला रस्त्याकडेला चहा-भज्याची गाडी लावायची होती. "सर, शेगडी हाय, पान्याची टाकी हाय, मला आनखी काय पायजे? तेवढं मागचं संडासाचं काढून टाकू, तिथं फ्रीज बसंल." मी हो म्हणालो.

गाडी मीच सिरसाळ्याला नेऊन देणार होतो. दिंद्रुड त्याच रस्त्यावर आहे. तिथे बायकोची थोरली बहीण राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. तिला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मला बी न्या की संगं. पुढं परळीला लेकीकडं जाते. पणतू झालाय, अजून तोंड न्हाई बघितलं." गुडघे गेल्यापासून अक्का घर सोडून कुठे जात नव्हती. बहिणीच्या मातीला तेवढी कुणाच्या तरी जीपमध्ये आली होती. त्या दिवशी आमच्या घरी तिने पाण्याचा थेंब घेतला नाही, ते दुःखाने असं सगळ्यांना वाटलं. मला खरं माहीत होतं. तिला दिंद्रुडला परत जायचं होतं.

मी वडवणी, तेलगाव करत दिंद्रुडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. अक्का पांढरं लुगडं नेसून ओट्यावर पिशवी घेऊन तयार बसली होती. "जय भीम, पाव्हणं. लई उंच हाय वो ही." तिला हाताला धरून वर घेतलं. ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली. तिचे ओठ वाळलेले होते.

"अक्का, पाणी देऊ?"

"नगं. वाटंचं काम हाय."

"गाडीतच सोय आहे अक्का."

"असू द्या. सवय हाय."

गाव सोडल्यावर तिने सोय म्हणजे काय ते दाखवायला सांगितलं. मी गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडलं. फार दिवसांनी उघडत होतो. अक्काने कमोड पाहिला, बटण दाबून पाणी पाहिलं, आणि मग ती कडी लावून, काढून, परत लावून पाहिली.

"हे तिनं करून घेतलं?"

"तिनेच."

"आन आता त्यो हे काढून टाकनार?"

"हो. फ्रीज बसवायचाय त्याला."

"फ्रीजला दुनियेत जागा न्हाई व्हय दुसरी?"

अक्का परत येऊन बसली. कापसाची शेतं मागे जात होती. बऱ्याच वेळाने ती समोर बघतच म्हणाली, "द्या बरं पानी."

मी पुन्हा थांबलो. दुसरं भांडं नव्हतं, म्हणून खुंटीवरचा पेला काढला, पुसला, भरला. अक्काने तो दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून प्याली. मग पेला पुढे केला. "अजून."

पुढे सिरसाळा जवळ आलं असताना तिने मला थांबायला सांगितलं आणि धरून धरून मागे गेली. मी खाली उतरलो. विचार करून उतरलो नाही, पाय आपसूक उतरले. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. आत कडीचा आवाज आला. समोरून मेंढरांचा एक कळप येत होता, मागे डोक्याला फेटा बांधलेला मेंढका. मी खोकलो.

"कोन हाय वो?" आतून अक्का.

"मेंढरं आहेत."

"येऊ द्या. त्येंचं काय भ्या." थोडा वेळ गेला. "पाव्हणं, हायात ना भाईर?"

"आहे, अक्का."

"मंग बोला की कायतरी. ती सांगायची मला, तुमी गोष्टी सांगता म्हणून. लई हसायची सांगताना. म्हनायची, निम्मी पुस्तकं माझी रानात झाली."

मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी जात होती. मी घसा साफ केला. मग मी त्या म्हाताऱ्याची गोष्ट सुरू केली, अगदी पहिल्यापासून. मेंढका जाताना माझ्याकडे आणि त्या बंद गाडीकडे पाहत गेला. एक म्हातारा माणूस एकटाच उन्हात उभा राहून दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्याबद्दल मोठमोठ्याने बोलतो आहे, हे त्याने घरी कसं सांगितलं असेल कोण जाणे.

अक्का बाहेर आली तेव्हा गोष्ट मधेच होती. ती सीटवर बसली, पदर सारखा केला. "ऱ्हाऊ द्या तितंच. पुढं सांगा."

सिरसाळ्यात हॉटेलवाला वाटच पाहत होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली, शेगडी पेटवून पाहिली, मला चहा पाजला. मग खिशातून टेप काढून मागच्या दाराची रुंदी मापायला लागला. अक्का पुढच्या सीटवरून वळून त्याच्याकडे बघत होती. ती मला म्हणाली, फार मोठ्याने नाही, "मी परळीला जाईन कशीबशी. पर परत कशी येऊ?"

हा प्रश्न तिने रागाने विचारला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी बसचा विचार केला, रिक्षाचा केला. आणि मग हॉटेलवाल्याला म्हणालो, की मला गाडी देता येणार नाही, माफ करा.

"असं कसं सर? म्या बोर्ड रंगवाया टाकलाय की."

"बोर्ड दुसऱ्या गाडीला चालेल. हिला अक्काला आणायला जायचंय."

त्याने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि टेप सोडून दिली. टेपची पट्टी कुरकुरत डबीत गेली. मी चाचरतच विचारलं, की टपावरच्या टाकीतलं पाणी कमी झालंय, भरून मिळेल का?

"घ्या! गाडी बी देत न्हाईत, वर पानी बी मागतेत." पण तो हसला, आणि हॉटेलाच्या मागून पाइप ओढत आणला. मी मागच्या शिडीने वर चढून पाइपाचं तोंड टाकीत धरलं. खालून अक्काचा आवाज आला, "काठोकाठ भरा बाबा."

"आक्का, परळी हितंच तर हाय. एवढं कशाला?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"येताना बी प्यायचंय न्हवं."